शिवदाऱ्याच्या आत

फोन आला तेव्हा मी कागलला माझ्या घरी भाकरी थापत होते. दुपारचे साडेबारा वाजले असतील. पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलला. पलीकडं कोल्हापुरातून माझा धाकटा भाऊ शिवा होता. "अक्का, अव्वा गेली गं. पाचच्या आत बसवायचं हाय. नीघ लगेच." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि मग माती लोटतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी 'बसवायचं' हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला. तव्यावर भाकरी करपत होती, तिचा वास घरभर पसरला आणि मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. दीड महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, दुःख असं रागातून बाहेर पडतं. पडत असेल. मला तरी हा नुसता राग आहे आणि तो कुणाकुणावर आहे ते मला चांगलं ठाऊक आहे.

पहिला राग त्या मांडवातल्या भाषणांचा. दिवसकार्याला गल्लीत मांडव घातला होता. समाजाची चार मोठी माणसं पुढं खुर्च्यांवर बसली होती. एकजण उठून म्हणाले, "माउली समाधानी होती. कधी कुणाकडं काही मागितलं नाही." दुसरे म्हणाले, "देवभोळी बाई." तिसऱ्यांनी तर कमालच केली. म्हणाले, "त्या खऱ्या कलाकार होत्या." मी बायकांत बसले होते, ती उठून आत गेले. अव्वा चाळीस वर्षं या गल्लीत राहिली. कलाकार हा शब्द तिच्या हयातीत एकाच्याही तोंडातून निघाला नव्हता. निघाला असता तर तिनं हसून पदर तोंडाला लावला असता आणि त्या माणसाला चहा करून दिला असता. पण निघाला नाही... ऐकायला ती उरली नाही तेव्हा निघाला.

ती काय करायची ते सांगते. अव्वा शिवदारे वळायची. आमच्यात मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. मुलगा असो, मुलगी असो. ते लिंग ज्या सुती दोऱ्यात असतं तो शिवदारा. दुकानात मिळतात, यंत्रावर वळलेले, गुळगुळीत. अव्वाचा दोरा तसा नसायचा. तिचं माहेर नेसरीचं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिथं तिच्या आजीकडून ती हे शिकून आली होती. गंगावेशीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी सगळ्यांचे डबे, अप्पांचं जेवण, भांडी-धुणं उरकलं की दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसायची. पायाच्या अंगठ्यात सुताचं टोक अडकवायची आणि सहा पेडांचा दोरा वळायला घ्यायची. बोटं इतकी झरझर चालायची की बघणाऱ्याला पेड मोजता येत नसत. वळताना काहीतरी गुणगुणायची. ज्या मुलासाठी दोरा असेल त्याच्यावरच जागच्या जागी जुळवलेलं, अर्धं कानडी, अर्धं मराठी. दोरा संपला की गाणंही संपायचं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर तिला आठवायचं नाही.

त्या सहा पांढऱ्या पेडांच्या आत ती सातवा धागा घालायची. रंगीत. बाळाच्या आईच्या लुगड्यातून नाहीतर साडीतून काढलेला एकच धागा. बाहेरून तो अजिबात दिसायचा नाही. पेड त्याच्याभोवती असे बसायचे की दोरा तोडल्याशिवाय कुणाला कळू नये. हे कुठल्याही शास्त्रात नाही. मठातल्या अय्यांना, म्हणजे आमच्या जंगम गुरूंना, तर याचा पत्ताच नव्हता, आणि लागू नये याची ती काळजी घ्यायची. बाळंतिणीकडं जायची, गप्पा मारता मारता म्हणायची, "तुज्या साडीचा एक धागा दे गं. कशाला ते इचारू नगंस." मी एकदा विचारलं, आत कशाला घालतेस, दिसत तर नाही. ती म्हणाली, "देवाला दिसतंय की. लेकरू मोठं हुईल, आईपासनं लांब जाईल. मग गळ्यात देव आसंल आन आई पन आसंल." तिच्या स्वतःच्या दोऱ्यात तिच्या आईच्या हिरव्या इरकलीचा धागा होता. दर महाशिवरात्रीला ती जुना दोरा सोडवायची, नवं सूत घ्यायची, पण आतला तो हिरवा धागा तोच. विरून विरून केसाएवढा झाला होता. तो नव्या सुतात घालताना ती श्वास रोखून धरायची.

तर ही बाई कलाकार होती की नव्हती, ते मांडवातल्या खुर्च्यांनी तेव्हा सांगायचं होतं. अप्पांचं भुसारी दुकान होतं. चार माणसांत विषय निघाला की ते म्हणायचे, "बसल्या बसल्या करती, तेवढाच येळ जातोय." येळ! पहाटेपासून उभी असलेली बाई तासभर बसायची, तर ते बसणंच यांच्या डोळ्यांवर आलं. तिनं वळलेले दोरे मठात जायचे आणि मठातून घराघरांत. लोक एकमेकांना सांगायचे, "मठातला दोरा हाय, लई चांगला टिकतोय." आमच्या शेजारणीनं हे अव्वाच्या तोंडावर सांगितलं. अव्वा म्हणाली, "व्हय, चांगला अस्तोय." मी तेव्हा कॉलेजात होते, नव्वदीची सुरुवात असेल. मी भडकले. सांग की तिला, तू केलायस म्हणून! अव्वानं माझ्याकडं बघितलं आणि हातातलं सूत पुढं केलं. "ये, बस. तू पन शीक. मग तू सांग सगळ्यास्नी."

मी शिकले. रागातच शिकले. तिच्यासारखी शिकवणारी मी पुढं कधी बघितली नाही. शाबासकी नाही, ओरडणंही नाही. मी वळलेला दोरा दोन बोटांत धरून डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपायची आणि म्हणायची, "उसव. परत." मी चिडून दोरा फेकायची, ती उचलून आणायची. कुठं पेड सैल पडलाय, कुठं पीळ जास्त झालाय, ते तिच्या बोटांना कळायचं. डोळ्यांनी तिनं माझा दोरा कधी तपासलाच नाही. लग्न होऊन मी कागलला आले तोवर मला सहा पेड बऱ्यापैकी जमू लागले होते. आतला धागा घालणं मात्र जमलं नाही. घाई व्हायची, तो बाहेर डोकवायचा. अव्वा म्हणायची, "तुला राग लवकर येतोय, म्हनून त्यो भाईर येतोय."

अप्पा गेले. नंतर शिवानं दुकान सांभाळलं, मंगल सून म्हणून घरात आली. ती सासूला आत्ती म्हणायची आणि मला अक्का. अव्वाचा दिवस तोच राहिला. अंघोळ, कपाळाला विभूती, मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा. त्याआधी पाण्याचा थेंब नाही. ताप असो, पाहुणे असोत, लग्नघर असो. लिंग अंगावरून उतरलं तर अन्नपाणी बंद, असं ती ऐकत आली होती आणि मानत होती. मी वाद घालायची. आता कुठं असं कुणी पाळतं? ती म्हणायची, "दुसरं पाळत न्हाईत म्हनून मी पन सोडू व्हय?" या हट्टाचाही मला राग यायचा. आता वाटतं, त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते सोडा, असं आम्ही तिला कुठल्या तोंडानं सांगत होतो?

दोन हजार साल उलटून गेलं. आता चारेक महिन्यांपूर्वीची गोष्ट. अव्वा मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. मी कागलहून आले. थिएटरमध्ये न्यायच्या आधी नर्सबाई म्हणाल्या, अंगावर काही चालणार नाही, सगळं काढा. बांगड्या निघाल्या. मग त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला तशी अव्वानं त्यांचा हात धरला. "ह्यो दागिना न्हवं, बाई." लिंगाभोवतीची चांदीची डबी काढा, लिंग नुसतं कापडात गुंडाळून दंडाला बांधा, असं तिनं सुचवलं. भूल देणारे डॉक्टर नाही म्हणाले. शिवा वैतागला होता, "दोन तासांचा तर प्रश्न हाय, अव्वा." शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. मान पुढं केली. मी गाठ सोडली. माझ्या तळहातावर तिनं लिंग ठेवलं, माझी बोटं मिटली आणि म्हणाली, "कस्तू, तुज्यापाशीच ठेव. दुसऱ्याकडं देऊ नगं."

मी दिलं. अर्ध्या तासात दिलं. आतून औषधांची चिठ्ठी आली, मला धावायचं होतं, माझ्या साडीला खिसा नव्हता. शिवाच्या हातात रुमालात बांधून दिलं आणि म्हटलं, सांभाळ. त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. तेवढ्यात रक्त आणायला सांगितलं म्हणून तो गाडी काढून सुसाट गेला. परत आला तेव्हा खिसा रिकामा होता. रुमालासकट सगळं वाटेत कुठंतरी पडलं... तिचं साठ वर्षांचं लिंग, तिनं वळलेला दोरा आणि आत तिच्या आईचा धागा.

शिवा तो रस्ता मान खाली घालून तीनदा चालला. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्यांना विचारत फिरला. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मला त्यातलं काही दिसलं नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात त्याच्यावर ओरडले. "जनावर हाईस तू! एक वस्तू सांभाळाय आली न्हाय तुला!" तो मग म्हणाला, "आन माज्याकडं दिली कुनी?" त्या दिवसापासून आम्ही दोघं नीट बोललेलो नाही.

आत अव्वा शुद्धीवर आली होती. पहिला शब्द, "लिंग दे." नर्सनं चमच्यानं पाणी तोंडाशी नेलं, तिनं ओठ मिटून घेतले. आम्ही सांगितलं, घरी देव्हाऱ्यात ठेवलंय, आणतो. एक दिवस गेला. सलाईन चालू होतं, पण डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. शिवानं मठातून नवं लिंग पूजा करून आणलं. अय्या त्याला म्हणाले होते, "तिला खरं सांगा. मी येऊन माझ्या हातानं तिला नवं बांधतो." शिवा तयार होता. नको म्हणाले ती मी. मला वाटलं, तिला कळलं तर ती खाणं सोडेल आणि मरेल. खरं हेही आहे की कुणी हरवलं, असं ती विचारेल याची मला भीती वाटली.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मंगलनं घरून अव्वाच्या डब्यातलं सूत आणून दिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून, पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून, मी सहा पेडांचा दोरा वळला. येणारी-जाणारी माणसं बघत होती. दोरा नवा दिसू नये म्हणून त्याला खोबरेल तेल लावलं, विभूती चोळली, जमिनीवर दोनदा घासला. तिनं शिकवलेल्या हातांनी तिलाच फसवायला बसले होते मी. सगळं आठवणीनं केलं. फक्त आतला धागा घातला नाही. घाईत सुचलाच नाही.

अव्वानं नवं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं दोऱ्यावरून सावकाश वर गेली, तशीच खाली आली. म्हणाली, "पोकळ हाय गं."

मी म्हटलं, "अव्वा, भुलीच्या औषधानं बोटं बधिर झाल्यात तुजी. कळंना झालंय तुला."

तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "व्हय?" म्हणाली. मग पूजा केली आणि दोन चमचे पाणी प्याली. मी बाहेर जाऊन नळाखाली हात धूत बसले. लिंग हरवलं ती चूक होती, चूक कुणाच्याही हातून होते. पण ज्या बोटांना आयुष्यभर सगळं कळलं, त्या बोटांना कळत नाही असं मी तिला सांगितलं... हे मी ठरवून केलं.

अव्वाला घरी आणलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. सहा-सात आठवडे खाटेवर होती. मी दर रविवारी कागलहून बसनं यायची. दर रविवारी बसमध्ये ठरवायची, आज सांगायचं. ती माझ्या मुलीच्या अभ्यासाचं विचारायची, शिवाशी बोल म्हणायची, आणि माझा रविवार संपायचा. मी खोलीत आले की तिचा हात पांघरुणाखाली जायचा. मला वाटायचं, गळ्यातला तो खोटा दोरा मला दिसू नये म्हणून ती झाकते. तिला सगळं कळलंय आणि ती मला सोडून देते आहे. याचा मला इतका राग यायचा की सांगता येत नाही. एकदा तरी म्हणायचं होतंस, अव्वा. कस्तू, तू खोटं बोललीस, असं म्हणून माझ्या थोबाडीत मारायची होतीस. मी तुझ्या पाया पडले असते. माफ करणारी माणसं फार सोयीची असतात सगळ्यांना. अप्पांना होती, मठाला होती, मलाही झाली.

तिला बसवलं त्या दिवशी मी शेवटपर्यंत तिच्या हाताकडं बघितलं नाही. विभूती फासलेलं कपाळ बघितलं, हार बघितले, मातीचा ढीग बघितला. अय्यांनी तिच्या तळहातावर लिंग ठेवलं तेव्हा मी तोंड फिरवलं. ते तिचं नाही, हे तिथं उभ्या असलेल्यांत चौघांना माहीत होतं आणि चौघंही गप्प होते. परकं लिंग आणि माझा पोकळ दोरा घेऊन माझी आई मातीत बसली, हे मी मनाशी घट्ट धरून ठेवलं. दीड महिना त्याच्यावर जगले म्हटलं तरी चालेल.

गेल्या रविवारी मंगलनं बोलावलं. अव्वाच्या साड्या वाटायच्या होत्या. चार बऱ्या साड्या, बाकी नेसून मऊ झालेल्या. त्या वाटून झाल्यावर मंगलनं कपाटातून आणखी एक आणली. "ही तुमची, अक्का. दवाखान्याच्या टायमाला हितं ऱ्हायलीती." माझी जांभळी साडी. घडी उलगडली तर काठाच्या वर, ऐन पोतात, एक सरळ रेघ विसविशीत झालेली. कुणीतरी उभा धागा ओढून काढला होता. माझं डोकं सणकलं. "मंगल, ही कुनी उसवली? नवी कोरी साडी हुती माजी!"

मंगल खाली बघून म्हणाली, "आत्तींनी."

मग ती थांबत थांबत बोलली. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी आत्तींनी मी वळलेला दोरा उसवून मागितला होता आणि लिंग कापडात गुंडाळून दंडाला बांधून घेतलं होतं. तेच सूत घेऊन रोज दुपारी थोडं थोडं वळायच्या. पायाच्या अंगठ्याला टोक बांधता येत नव्हतं, म्हणून मंगल दुसरं टोक धरून बसायची. बोटं चालत नव्हती. कुणी आलं की पांघरुणाखाली घालायच्या. पाच आठवडे लागले एका दोऱ्याला, आणि तोच शेवटपर्यंत गळ्यात होता. "आन आत घालाय तुमच्या साडीतला धागा मागितला. मी म्हनलं, आत्ती, आईच्या साडीचा घालत्यात न्हवं? तर म्हनाल्या, आईचा हरवला की. आता लेकीचा घालतो."

माझ्या तोंडून भलताच शब्द फुटला. "मग मला का न्हाय सांगितलंस? आदीच का न्हाय सांगितलंस?" मी किती मोठ्यानं ओरडले ते शिवा बाहेरून धावत आला तेव्हा मला कळलं.

मंगल दोन पावलं मागं सरली. साडीची घडी तिनं छातीशी धरली होती. म्हणाली, "आत्तीच म्हनाल्यात्या. कस्तूला सांगू नगं, चांगली साडी उसवली म्हनून रागावंल."